सातव्या खाचरावर

शुक्रवार, २६ फेब्रुवारी १९६५. सकाळी साडेसहा. दासगावचा रस्ता, दुसऱ्या मैलाच्या दगडापर्यंत.

हजर: अण्णा, कोर्टातले निवृत्त कारकून. काशीनाथशेट, भाताचे व्यापारी. राघोबा सकपाळ, शेतकरी, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली वाडी. नोंद ठेवणार — मी. गैरहजर कोणी नाही.

इथपर्यंत सगळं खरं आहे. याच्या खालची ओळ मात्र खोटी आहे. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, पट्टी लावून आखलेल्या चौकटीत. ती खोटी आहे हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, ज्या मैत्रिणीला सगळं सांगते तिलाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मध्येच उठून जाणार नाही, असं मी धरून चालले आहे म्हणून.

आधी मी कोण ते सांगते. महाडला शाळेत शिक्षिका. तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. विधवा, मूलबाळ नाही. माझ्या घरात प्रत्येक गोष्टीची यादी असते — लोणच्याच्या बरण्यांची, दुरुस्तीला दिलेल्या छत्र्यांची, कुणाचं पत्र आलं आणि कुणाला उत्तर गेलं त्याची. लोक हसतात. हसू देत. हरवलेली वस्तू शोधायला ते माझ्याकडेच येतात.

आणि वहीची माझी एक पद्धत आहे. बाहेर शिसपेन्सिलीने कच्ची वही, घरी आल्यावर शाईने पक्की. मुलींनाही हेच शिकवत आले. कच्च्यात घाई असते, पक्क्यात विचार असतो, असं सांगायची. वीस वर्षं सांगितलं हे मी. अजूनही सांगते, याचंच मला —

नाही, ते राहू दे. क्रमाने सांगते.

माझे यजमान १९५८ साली हृदयविकाराने गेले. आधी झटका आला, त्यातून ते वाचले होते. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे उताणं झोपायचं, हात उचलून पाण्याचा पेलाही घ्यायचा नाही. मी तंतोतंत पाळलं. कुशीवर वळायचं असलं तर ते मला विचारायचे. बेचाळीस चौकटींचा तक्ता केला होता, रोज एक फुली. बेचाळिसाव्या दिवशी त्यांना उठवलं, आणि न्हाणीच्या दारात ते खाली कोसळले, ते उठलेच नाहीत. पाय काठ्यांसारखे झाले होते. तक्ता मात्र पूर्ण भरला होता.

पुढे महाडला एक तरुण डॉक्टर आले. मुंबईला शिकलेले. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. तीन आठवडे अंथरूण पुरे, मग खुर्ची, मग अंगण, मग रस्ता. रोज थोडं जास्त. हृदयही स्नायूच आहे, निजवून ठेवलं तर तेही निजतं, असं ते म्हणायचे. गावाला हे पटेना. दुखऱ्या छातीच्या माणसाला कुणी चालवतं का? डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, माझ्याकडे यंत्र नाही, नर्स नाही. मला वेळ पाळणारं आणि खरं लिहिणारं माणूस हवंय."

खरं लिहिणारं. हेच शब्द होते त्यांचे.

पद्धत सोपी होती. सपाट रस्ता, सकाळची वेळ. निघताना आणि परतल्यावर नाडी मोजायची. आणि मुख्य नियम असा, की चालताना सारखं बोलत राहायचं. बोलणं तुटलं की पाय थांबले पाहिजेत. श्वास पुरत नाही हे माणसाला स्वतःला कळण्याआधी त्याच्या बोलण्यात कळतं, असं डॉक्टर सांगायचे. पूर्ण अंतर बोलणं न तुटता झालं, तर वहीत 'पूर्ण'. सलग बारा दिवस 'पूर्ण' आले की चढ चढायची परवानगी. मध्ये एकदा जरी तुटलं, तरी पुन्हा एकपासून मोजायचं.

अण्णा, शेट, राघोबा, तिघेही झटका येऊन गेलेले. गावाने आमचं नाव 'सावकाश मंडळ' ठेवलं. गाडीवाले जाता जाता विचारायचे, "काय मंडळी, दिवाळीपर्यंत पोचताय ना दासगावला?" शेट म्हणायचे, "कुठल्या दिवाळीला ते बाईंच्या वहीत बघून सांगतो!" शेटना बोलत ठेवावं लागत नसे. त्यांचं बोलणं थांबलं तर डॉक्टरला नको, थेट भटजींनाच बोलवा, असं अण्णा म्हणायचे. अण्णा स्वतः जुने खटले सांगत चालायचे. रोज तोच खटला, रोज वेगळा निकाल.

प्रश्न होता राघोबांचा. हा माणूस मुळात बोलायचाच नाही. वय बावन्न, उंच, सडपातळ. वाडीतून चौघांनी डोलीत घालून त्यांना खाली आणलं होतं. महाडला बहिणीकडे राहायचे. मी म्हटलं, राघोबा, बोलत राहा. तर म्हणाले, "चालताना काय बोलायचा बाई? बैल बोलतो काय?"

मग मीच त्यांना युक्ती सुचवली. तुमच्या भाताच्या खाचरांची नावं सांगा, खालपासून वरपर्यंत. आधी लाजले. मग सांगायला लागले. एकेका खाचराचं नाव, तिथे काय झालं, बांध कुणी घातला, कुठे खेकडे सापडतात. ओहळाकडचं. फणसाखालचं. आजीचं. लांबोडं. कोपऱ्यातलं. दोन आंब्याचं. बावीकडचं. दगडाचं. मधलं. म्हसोबाचं. घरामागचं. एकूण अकरा. डोंगर चढत जावा तशी ती नावं वर जायची. जाताना एकदा आणि येताना एकदा. घरामागचं आलं की आम्ही वेशीवर पोचलेले असायचो. अण्णासुद्धा आपला खटला थांबवून ऐकायचे.

त्यांना घरी जायचं होतं. दुसरं काही नको होतं. शिमग्याला देवाची पालखी त्यांच्या दारात येते. एकदा म्हणाले, "डोलीत घालून आनला मला, ते आनला. वर जाईन तो माझ्या पायानं. पालखी दारात आल्यावर आडवा पडून ऱ्हाऊ काय?" त्यानंतर मी कच्च्या वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवलं — राघोबा, शिमग्याआधी घरी. आणि खाली रेघ मारली. माझ्या कामांच्या यादीत ते काम आलं.

त्या शुक्रवारी त्यांचा बारावा दिवस होता. अकरा दिवस 'पूर्ण'.

परतीच्या वाटेवर दोन आंब्याचं झालं. मग ते म्हणाले, "बाव —" आणि थांबले. पाय थांबले नाहीत, फक्त शब्द थांबला. मी मागे वळून पाहिलं. ओठ हलत होते. चार-पाच पावलं तसेच आले, मग रस्त्याकडेच्या आंब्याला हात लावून उभे राहिले. चेहरा राखाडी झाला होता. मी घड्याळ पाहिलं — सव्वा मिनिट. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरामागचं. पोचलो बघा, बाई."

सातव्यावरून थेट अकराव्यावर. शेट मोठ्याने हसले. "राघोबा, मधली तीन विकलीस की काय रे?" राघोबाही हसले. मीही हसले. आणि हसता हसता कच्च्या वहीत लिहिलं — *सातव्यावर तुटले. सव्वा मिनिट. रंग बरा नाही.*

हे लिहिलं मी. तुम्हाला सांगायला हवं, मी लिहिलं होतं.

घरी आले. चहा केला. पक्की वही उघडली. अकरा 'पूर्ण' एकाखाली एक उभे होते. बारावी चौकट रिकामी. त्या रविवारी मुंबईहून डॉक्टरांचे गुरू येणार होते, ही पद्धत बघायला. तालुक्याच्या गावात, यंत्राशिवाय, एका शिक्षिकेच्या वहीवर हे चालतं, हे दाखवायला डॉक्टर आतुर होते. आणि मी? मला ते पान दिसत होतं. बारा ओळी, एकही डाग नाही. मला त्या पानावर तुटलेली ओळ नको होती.

मी लिहिलं: पूर्ण.

एवढंच. चहा निवला नव्हता, इतकाच वेळ लागला.

कारणांचीही यादी मी करून पाहिली आहे, अनेकदा. पहिलं — राघोबांना शिमग्याला घरी जायचं होतं. हे कारण चालत नाही. शुक्रवारी सव्वीस तारीख. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून मोजलं असतं तरी दहा मार्चला बारा दिवस भरत होते, आणि होळी सतरा तारखेला होती. वेळ होता. आठवडाभर शिल्लक वेळ होता. दुसरं — सव्वा मिनिट म्हणजे काही फार नाही. तेही चालत नाही. नियमात किती वेळ असा प्रश्नच नव्हता. तिसरं — यजमान निजून निजून गेले, म्हणून मला हे चालणं जिंकायला हवं होतं. हे खरं आहे. पण यजमानांची आठवण राघोबांच्या चौकटीत कशाला? चौथं कारण उरतं ते असं, की मला सुबक पान हवं होतं. ते खोडता येत नाही.

रविवारी गुरू आले. पांढरे केस, मऊ आवाज. वही हातात घेऊन त्यांनी पानं उलटली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्षर सुरेख आहे."

मी आनंदाने लाल झाले. तेही लिहून ठेवते इथे.

सोमवारी परवानगी मिळाली. डॉक्टरांनी राघोबांना पुन्हापुन्हा बजावलं. वीस पावलं, मग उभं राहायचं. बोलत चढायचं. बुधवारी सकाळच्या एस.टी.ने ते, न्यायला आलेल्या मेव्हण्याबरोबर, बायकोच्या भावाबरोबर, पोलादपूरला गेले. निघताना स्टँडवर मला म्हणाले, "बाई, भात झाला की पायलीभर धाडीन. नवाच असंल." मी म्हटलं, वहीत लिहून ठेवते. ते हसले.

अर्ध्या चढावर ते बसले. मेव्हण्याला वाटलं, विसावा घेतायत. म्हणून तो थोडा पुढे गेला, झऱ्यावर पाणी आणायला. परत आला तोवर सगळं संपलं होतं. वाडीतून माणसं खाली आली आणि त्यांना डोलीत घालून वर नेलं.

तीन दिवसांनी डॉक्टर माझ्या घरी आले. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "बाई, त्या बारा दिवसांत कुठे अडखळले होते का? एखादा दिवस? तुमच्या लक्षात राहिलं असेल, वहीत आलं नसेल असं काही?" माणूस झोपलेला नव्हता, डोळ्यांवरून कळत होतं. मला काय करायचं होतं? कच्ची वही फडताळात होती, हातभर अंतरावर. मी पक्की वही काढली, ते पान उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "वहीत आहे सगळं," म्हटलं.

त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे माझाच अंदाज चुकला. बारा दिवस कमी पडले." आणि वही मिटून माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली.

ते गेल्यावर मी कच्ची वही बंबात घातली. आयुष्यात एक कागद टाकून दिलेला नाही मी — ती एकच वही.

डॉक्टर वाडीवर गेले. भागीरथीपुढे, राघोबांच्या बायकोपुढे, उभे राहून म्हणाले, चूक माझी. हे मला मेव्हण्याने सांगितलं. मग गावात एकच बोलणं सुरू झालं, की डॉक्टरने माणूस चालवून चालवून मारला. शेटच्या मुलांनी त्यांना माडीवर निजवलं, जिना उतरायची बंदी. अण्णा एकटे दोन दिवस रस्त्यावर आले, मग तेही थांबले. सावकाश मंडळ संपलं. पावसाळा सुरू होण्याआधी डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. जाताना मला भेटायला आले, आणि माझे आभार मानले. आभार!

हे असं इतकं सांगून झालं, की पाप सांगून झालं असं वाटतं ना? मलाही वाटायचं. चार वर्षं मी हे असंच घोळवत होते. घडून गेलेली गोष्ट, आता काय करणार. माणूस गेला, डॉक्टर गेले, वही जळली. कदाचित पुन्हा बारा दिवस चालूनही राघोबा त्याच चढावर बसले असते. कोण सांगणार? संपलेल्या गोष्टीचं दुःख करता येतं, आणि दुःख करणं सोपं असतं.

पण ती गोष्ट संपलेली नाही.

गेल्या पौषात बाजारात भागीरथी भेटली. वाळली आहे, आवाज मात्र खणखणीत. "बाई, वळखलंत काय? तुमच्यासंगं चालायचे ना, त्यांची मी." मग सांगायला लागली. धाकटा दीर, तुकाराम, गिरणीत होता. चाळिशीही झालेली नाही. मशिनीवर उभा असताना छातीत कळ आली. मुंबईच्या डॉक्टरांनी वाचवला, आणि घरी पाठवताना सांगितलं, रोज थोडं थोडं चाल. "मी बोलले, माझ्या घरात नाय. एकाला चालवून घालवला. ह्याला मी उठू देत नाय. जेवायला पन नाय. तो रडतो, बोलतो, वयनी, मला खळ्यापर्यंत तरी जाऊ दे गो. मी बोलते, पड गप." मग तिने माझा दंड धरला. "बरोबर हाय ना, बाई? तुम्ही तर होतात तिथं."

मी तर होते तिथं.

मी काय केलं असेल? तुम्ही इतकं ऐकलंत, तुम्हाला कळलंच असेल. मी मान हलवली. हो म्हणून.

तिला बरं वाटलं. मला दोन लिंबं दिली.

त्या दिवसापासून मी मोजते आहे. आज चौथा महिना. सहा आठवडे निजलेल्या माणसाचे पाय कसे होतात, ते मी पाहिलेलं आहे. पोटऱ्या हातात मावतात. उठवल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. तुकाराम चार महिने पडून आहे. त्याला उठवून बसवणारं तिथे कुणी नाही, कारण तिथे सगळ्यांना पक्कं माहीत आहे की चालण्याने माणूस मरतो. ते त्यांना मी शिकवलं. एका शब्दात शिकवलं, आणि बाजारात मान हलवून पुन्हा एकदा शिकवलं.

मागच्या महिन्यात एका रविवारी पोलादपूरला उतरले. स्टँडवरून त्या वाटेच्या तोंडाशी गेले. मेव्हणा भेटला, म्हणाला, "बाई, तुम्ही इकडं कुठं?" मी म्हटलं, शाळेच्या कामाला आले होते. आणि परतीच्या गाडीत बसले. आता ही नोंद कुठल्या वहीत करू?

काय सांगायचं ते ठरलेलं आहे. राघोबा चालण्याने गेले नाहीत. त्या दिवशी त्यांना थांबवायला हवं होतं, आणि मी ते लपवलं. डॉक्टरांची चूक नव्हती. तुकारामाला उठवा — आधी बसवा, मग ओटीवर, मग खळ्यापर्यंत, आणि त्याला बोलतं ठेवा. इतकंच. तोंडपाठ आहे. भागीरथी काय म्हणेल, काय करेल, तेही मी सगळं मनात पाहिलेलं आहे. ती जे करेल ते करो.

पोलादपूरची गाडी सकाळी सातला सुटते. तिथून वर दोन तासांचा चढ. आज रविवार होता. सात वाजले, आठ वाजले, मी हे लिहीत बसले.

तुकाराम पडून आहे. मी गेले नाही.